वळण

तिसरा कागद फाटला.
लुआरसाब पेन्सिल आवळून धरतो,
जणू सुटली तर रिओनी नदीत पडेल.

आधीच्या बाई म्हणायच्या, याला वळणच नाही.
आणि जॉर्जियन लिपीत तर
वळणाशिवाय दुसरं काही नाही.

त्सियाला कागदाखाली सँडपेपर सरकवते.
रेघ खरखरते.
तो थबकतो. पुन्हा ओढतो.
मग डोकं टेकवून, कान कागदाला लावून
ऐकत ऐकत लिहितो
नावातला पहिला ल :
कमानीला लागून कमान,
कुताइसीच्या पुलासारखा.

चाळीस ल. पुढचं अक्षर नाही.

दारातून आई विचारते, पूर्ण नाव कधी?
पेन्सिलला टोक काढता काढता
त्सियाला म्हणते, पूल होऊ दे आधी.

तो एकेचाळिसावा ऐकतोय.