खापर

शांतता समितीचं इतिवृत्त मी लिहितो.
अक्षर बरं आहे म्हणून, दुसरं काही नाही.
परवा ठरलं ते असं:
कबुतरं सोडायची. पांढरी. नग अकरा.
साखळी धरायची, चौकीपासून बोरीच्या पुलापर्यंत.
चहा शंभर कप; एकाच हॉटेलातून घेतला
तर दुसऱ्या बाजूला वाटेल,
म्हणून पन्नास-पन्नास.

कबुतरं गावात एकाच माणसाकडे,
मेहमूद पिंजारी, जळालेल्या बोळातला.
तो म्हणाला, पांढरी नऊच उरलीत साहेब.
मग दोन राखाडी पकडून आणली,
त्यांना खडूची भुकटी चोळली
एका हवालदारानं, हळूच,
लेकराला पावडर लावावी तशी.

अकरा वाजता सोडली.
टाळ्या झाल्या. फोटो झाला.
खडूचा धुरळा थोडा माझ्या वहीवर पडला.
मी लिहिलं: कबुतरे आकाशात झेपावली.
खरं म्हणजे ती घरी गेली.
पाळीव कबुतर दुसरं कुठं जाणार?
दुपारभर मेहमूदच्या गच्चीवर घिरट्या घालत राहिली.
खुराड्याच्या जागी नुसते पत्रे,
वाकलेले, उन्हानं तापलेले.
बसायची, चटका लागला की उठायची.

हे इतिवृत्तात नाही.
तसं पुष्कळच नाही.
त्या रात्री माझा पुतण्या उशिरा आला,
शर्टाला रॉकेलचा वास.
वहिनीनं तो शर्ट दोनदा धुतला.
मी विचारलं नाही.
सकाळी पंचनाम्यात ‘अज्ञात जमाव’ लिहिलं,
अक्षर नेहमीसारखंच आलं.

त्यानंतर गावात एकच धंदा तेजीत,
एकमेकांच्या माथी खापर फोडण्याचा.
यांनी त्यांच्या, त्यांनी यांच्या,
मग सगळ्यांनी मिळून बाहेरगावच्यांच्या.
इतकी खापरं खरोखर फुटली असती
तर लोटन कुंभाराच्या पोरींची लग्नं उरकली असती.

खरं खापर एकच निघालं,
केवळबाई शिंपिणीचं.
फाल्गुनात हलीमाबीनं मागून नेलेलं
लेकीच्या लग्नातल्या मांड्यांसाठी,
आणि परत द्यायचं राहिलेलं.
घर जळालं, चौकट जळाली,
पिंजणाची तात जळाली, लेकीची पेटी जळाली,
खापर तेवढं राहिलं.
त्याला आगीचं काय, जन्म चुलीवर गेला.

आखाजीच्या आदल्या दिवशी
हलीमाबी ते डोक्यावर घेऊन आली, चुंबळ करून,
आमच्या साखळीच्याच रस्त्यानं.
बंदोबस्तातल्या पोरानं हटकलं, यात काय?
काही नाही, म्हणाली. रिकामं आहे.
आणि उलटं करून दाखवलं.

केवळबाई ओट्यावर डाळ निवडत होती.
ना ये म्हणाली, ना बस.
हलीमाबीनं खापर उतरवलं.
“तुनं खापर. फुटेल नही शे. वाजाडी देख.”
केवळबाईनं बोटाच्या पेरानं वाजवलं.
एकदा. मग कान लावून पुन्हा.
बाजारात नवं घेताना वाजवतात तसं;
चीर असली तर आवाज बद्द येतो.

मी समोर पानटपरीवर होतो.
मला ऐकू आलं नाही.
चेहऱ्यावरूनही काही कळलं नाही.
तिनं ते उचलून आत नेलं.
बाहेर आली तेव्हा तळहात काळे होते,
ते तिनं पदराला पुसले नाहीत.
सूप थोडं हलीमाबीकडे सरकवलं.
मग दोघी निवडत बसल्या,
न बोलता, खडे अंगणात टाकत.

उद्या पुढची बैठक.
मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचंय.
‘कबुतरे, नग अकरा’ याच्याखाली
तीन ओळींची जागा उरली आहे.
पुतण्या विचारतो, काका, एवढं काय लिहिता?
काही नाही, म्हणालो. रिकामं आहे.
वही मात्र उलटी करून दाखवली नाही.