बूच

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला एकेक बूच दिलं,
वाइनच्या बाटलीचं, वापरलेलं, चाकूनं अर्धं कापलेलं.
"पुढच्या दातांत धरा. आता बोला."
आम्ही अठरा जण, हनुवटीवर लाळ,
श, च, झ यांची दाटी असलेली आमची भाषा
ओल्या पिठासारखी टाळूला चिकटलेली.
सेवेरिन कोवातेक खिडकीपाशी पाठमोरे उभे,
बाहेर कुणीतरी कोळसा उतरवत होतं, ते बघत.
"चिमणे, शेवटचं अक्षर गिळलंस."
माझं आडनाव व्रूबेल. व्रूबेल म्हणजे चिमणी.
चार वर्षं त्यांना तेवढं पुरलं.

त्यांची कारकीर्द वेळापत्रकासारखी वाचावी लागते:
कालिश, ओल्श्तिन, तार्नुव्ह, रादोम.
वॉर्सा एकदाच, अकरा प्रयोग, दुसऱ्याच्या अंगरख्यात,
बाह्या टाचून.
एकोणचाळीस वर्षांत सात राजे.
निरोपे किती केले ते मोजले नाहीत.
"राजाला लोक बघतात," म्हणायचे, "निरोप्याला ऐकतात.
चार ओळी असतात. चारांतली एक जरी सांडली
तर लढाई कोण जिंकलं तेच कळत नाही."
दुपारच्या प्रयोगांना शाळेची पोरं, सफरचंदांचा वास,
आणि खोक्यात प्रॉम्प्टर ओटिलियाबाई, मांडीवर विणकाम,
ओळ चुकली की सुई थांबायची.

मग तो डिसेंबर. रस्त्यावर रणगाडे,
चौकात शेगडीभोवती हात शेकणारे कोवळे शिपाई.
नटांनी आपसात ठरवलं, टीव्हीवर जायचं नाही.
देशाच्या तोंडाला ज्यांनी बूच मारलं
त्यांना कुठे ठाऊक होतं, रादोममध्ये एक माणूस
बूच तोंडात धरूनच बोलायला शिकवतो.
कोवातेक चर्चच्या तळघरात उभे राहायचे,
एक बल्ब, बटाट्यांची पोती,
समोर दीडशे तोंडांतून वाफ.
वाफ थांबली की समजायचं,
लोकांनी श्वास धरलाय.

एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, बुटाची नाडी बांधता बांधता.
टीव्हीवर जाऊन आलेला एक नट. नाव घेतलं नाही.
तो प्रवेशाला आला, तोंड उघडलं,
आणि प्रेक्षकांनी टाळ्या सुरू केल्या.
थांबेचनात.
तो पुन्हा तोंड उघडी, पुन्हा टाळ्या.
नऊ मिनिटं. मग तो आत निघून गेला.
"मी शेजारी होतो, नोकराच्या भूमिकेत, हातात ट्रे.
लोकांचं बरोबर होतं.
त्याच्या पोरीला स्वीडनचं औषध लागायचं.
ट्रे कुठे ठेवावा ते मला सुचेना."
तेव्हापासून पडदा पडला की
ते सगळ्यांच्या आधी तोंड धुवायला पळत.

मी नटी झाले नाही.
किएल्त्से स्टेशनावर तेवीस वर्षं
उशिरा येणाऱ्या गाड्या जाहीर केल्या.
एका रात्री केबिनच्या काचेवर टकटक,
टोपीवर बर्फ, हातात बहिणीसाठी लोणच्याची बरणी.
"चिमणे, स्कार्झिस्कोचं 'को' कुठे गेलं?
त्या फलाटावर एक म्हातारी आहे, तिचं घर आहे तिथे.
तू तिला अलीकडेच उतरवलंस."
मी पुन्हा जाहीर केलं. ते ऐकून गेले.
बरं झालं, असं काही म्हणाले नाहीत.

ते मार्चमध्ये गेले. जमीन गोठलेली,
खड्डा खणणारे दोनदा थांबले.
आमच्याकडे नटाला टाळ्यांनी निरोप देतात.
पेटी खाली जाताना कुणीतरी सुरुवात केली,
सगळ्यांचे हातमोजे, म्हणून आवाज
ओली चादर झटकल्यासारखा.
चाकाच्या खुर्चीतल्या ओटिलियाबाईंचे हात मात्र शालीतच.
मी खिशातलं बूच काढलं, माझ्याच दातांचे खड्डे असलेलं,
दातांत धरलं आणि त्यांचं नाव म्हटलं,
सावकाश, शेवटच्या 'क'सकट.
हनुवटीवर लाळ आली.
टाळ्या चालूच होत्या.