गुरुवार

गुरुवारी पाणी बंद असतं, म्हणून गुरुवार.
सोसायटीचा पंप गप्प, टाकीत धार नाही,
जिन्यावर कुणी बादल्या आपटत नाही.
धनकवडीत याहून स्वस्त स्टुडिओ
कुणाला मिळाला असेल तर त्यानं सांगावं.

कॉम्प्युटर नऊ वर्षांचा.
आधी साडूच्या दुकानात जीएसटी भरायचा.
तपकीर गल्लीतून रॅम आणली, काडेपेटीएवढी एसएसडी आणली.
दुकानदार म्हणाला, जुनी हार्डडिस्क काढाच,
ती दळण दळते आणि माईकला सगळं ऐकू जातं.

मग त्याच्या सवयी सोडवत बसलो.
अपडेटचं विचारायचं नाही.
अँटिव्हायरस, तू जरा बाहेर बस.
झोप नाही, डुलकीही नाही.
वीज वाचवण्याचं त्याचं उपजत शहाणपण
मी सेटिंगमध्ये शिरून मोडून काढलं.
वैजू म्हणाली, पोराला कधी इतकं बोलला नाहीस.

डबा कपाटात सारला, दाराच्या फटीतून वायरी,
खिडकीला दोन गोधड्या.
तरी हेडफोनात घूंऽऽ.
महावितरणचा अखंड खर्ज.
तांबे इलेक्ट्रिशियननं अर्थिंगच्या खड्ड्यात
दोन किलो मीठ ओतलं, वर चार बादल्या पाणी
(बुधवारी भरून ठेवलेलं).
खर्ज गेला.

सुदाम अवघडे साडेतीनला आले.
क्लॅरिनेट टॉवेलात, टॉवेल कुठल्याशा लग्नातल्या पिशवीत.
सदतीस वर्षं घोड्यापुढं चालत वाजवलेला माणूस,
खुर्चीत बसून वाजवायची लाज वाटते म्हणाले.
उभे राहिले. रीड ओली केली.
पहिली फुंक.
थांबले.
मागं वळून गोधड्यांकडं पाहिलं.
"मागनं कोण वाजवतंय?"

मी समजावलं: बफर एक हजार चोवीसवर आहे, काका.
सूर आत जातो, मोजला जातो, मग बाहेर येतो,
सेकंदाचा विसावा हिस्सा उशिरा.
तुमचाच आहे तो.
काही बोलले नाहीत.

पाचशे बारा केलं. दोनशे छप्पन्न.
चौसष्टला कढईत मोहरी तडतडल्यासारखं झालं,
पुन्हा वर आलो, एकशे अठ्ठावीस.
स्वच्छ.
याच्यासाठी रॅम, याच्यासाठी मीठ, याच्यासाठी तीन रविवार.
आता बोट आणि सूर यांच्यात केससुद्धा जाणार नाही.
वाजवा, म्हटलं.

वाजवली त्यांनी, मांडवाच्या दारात वाजवायची ती धून.
सुरेख होती.
अर्ध्यात हेडफोन एका कानावरून सरकवला.
"तो गेला काय?"
कोण?
"मगाचा. जराकसा मागं राहणारा.
आमचा तुळशीराम असाच वाजवायचा, सेकंडला.
मास्तर शिव्या घालायचे.
चपलेचा अंगठा तुटका, चालायचाही तसाच,
माझ्या एक पाऊल मागं."

पावणेपाच. थोड्या वेळात शेजारी कुकर लागेल.
मी माउस धरला
आणि तीन रविवार एका क्लिकमध्ये घालवले.
एक हजार चोवीस.
तो रेकॉर्डिंगमध्ये येणार नाही, काका,
फक्त तुमच्या कानात असेल.
"असू दे. लोकांना काय करायचाय."

वाजवताना जागच्या जागी पावलं टाकत होते,
फरशीवर ती पावलंही रेकॉर्ड झाली.
मी काढली नाहीत.

रात्री फाइल ऐकली. एकच क्लॅरिनेट.
कुठं घूं नाही, तडतड नाही, काहीच उशिरा नाही.
फक्त प्रत्येक ओळीच्या टोकाला
सूर थोडा जास्त लांबवलाय,
वळणावर मागच्यासाठी थांबावं तसा.

तालाच्या रेघांवर बसवायचं तर
ते सगळं सरळ करता येतं. बटण आहे त्याला.

शुक्रवारी सहाला पंप सुरू झाला.