हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात अप्पा
इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला विभूती ओढून
बँकेत जायचे. नळगीर रोडवर कुणी विचारलंच,
कुठं निघालाव?
तर म्हणायचे, मी जित्ता हाव का न्हाई
तेवढं इचारून येताव.

यंदा मी गेले.
आता फॉर्म दुसरा असतो, आईच्या नावाचा.
खिडकीतल्या पोरीनं जुना कागद काढला:
नायक मन्मथ शिवलिंगप्पा कोरे, सिग्नल्स.
ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण.
तिनं आवाज उतरवून विचारलं, लढाईतला?
नाही, म्हटलं. विटीचा.
वीरभद्रकाकानं मारलेली, दोघं शाळेत असताना.

लढाईचं ते फार बोलले नाहीत.
तिकडं पूर्वेला पाणी लई होतं, एवढंच.
पाठीवर तारेचं रीळ, गळ्याइतकं पाणी,
तार भिजली तर भिजू द्यावी, जोड भिजू द्यायचा नाही.
मग सुट्टी मिळाली. बहात्तर साल.
उदगीरच्या स्टेशनावर उतरून घरी आले
तर रांजण उपडा
आणि बाप सडकेवर खडी फोडतोय.
महानंदाआत्या सांगते,
दादानं वर्दीबी उतरली न्हाई,
तसाच बसला हातोडा घेऊन, सुट्टी सरंस्तोवर.
मुकादम त्याला अहोजाहो करायचा.
मजुरी मात्र सगळ्यांइतकीच.

त्याच सुट्टीत रात्री, कंदिलाशी बसून,
तापानं कान गेलेल्या धाकट्या भावाच्या तळहातावर
त्यांनी कडकट्ट वाजवायला सुरुवात केली.
अ. आ. क. म.
पुढं दर सुट्टीला थोडी थोडी अक्षरं.
लष्कराकडं ळ नव्हता.
तो या दोघांनी घरीच केला: चिमटा.
म्हणून आमच्याकडं काकाला केळ विचारायचं
तर चिमटा काढावा लागतो,
आणि जवळ ये म्हणायलाही.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात.
कुणीही दारात आलं की उठून उभे राहणारे अप्पा,
पोस्टमन आला तरी, माझी मैत्रीण आली तरी,
त्यांना मांडी घालून बसवलं,
डाव्या तळहातावर लिंग.
मला एकदा वाटलं, आता उठतील,
एवढी माणसं आलीत.
वीरभद्रकाका खाली उतरला.
सगळ्यांना वाटलं, बेल वाहणार.
त्यानं अप्पांचा उजवा हात मोकळा केला
आणि त्यावर बोटं वाजवू लागला.
बराच वेळ.
मला थोडंच येतं. मधलं निसटलं.
चिमटे मात्र पुष्कळ होते.
शेवटचं कळलं, कड-कट्ट-कड,
म्हणजे माझं झालं, आता तू बोल.
आणि तो हात धरून थांबला.
जंगम थांबले. टोपलं घेतलेला संगप्पा थांबला.
शेजारच्या रानात तुरीला फूल आलेलं,
त्यावर माश्यांचा आवाज.
लांब बिदरची गाडी शिटी देऊन गेली.
कुणी काकाला वर ये म्हटलं नाही.
म्हणून तरी काय उपयोग होता?

बँकेतून आले तेव्हा तो ओट्यावर होता,
अप्पांच्या चपला पायात, एक साईज मोठ्या.
माझा हात ओढून घेतला. विचारलं,
काम झालं? कागद मिळाला?
मी त्याच्या तळहातावर अडखळत सांगितलं,
मि,
मग चिमटा, मग ला.

त्यानं मान हलवली.
माझंच बोट धरून दाखवलं:
असा नाही. हा ल झाला.
ळ जोरात काढायचा.
मन्मथ कातडं लाल करायचा.