वॉशर

मिरजेच्या जुन्या बाजारात स्टोव्ह दिसला,
सतारीच्या तडकलेल्या भोपळ्याशेजारी.
पितळी, तीन पायांचा, एक पाय जरा आखूड.
साडेसातशे म्हणाला. चिंच लावा, सोन्यासारखा निघेल.
मी भाव केला नाही.
असल्या वस्तूचा भाव करू नये
असं काहीतरी त्या दिवशी डोक्यात असणार.

सांगलीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो.
टाकीत कधीचं तरी चमचाभर रॉकेल डुचमळत होतं.
वास आला, आणि बाजूच्या रिकाम्या सीटवर
आमचं जाळीचं कपाट येऊन बसलं,
चारही पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवून,
मुंग्यांना न गाठता येणारं हिरवं बेट.
जाळीला एका जागी बोटभर भोक होतं.
ते माझ्याच बोटाचं.
आतल्या सायीला मी इतक्या वेळा शिवलोय
की आईनं शेवटी पातेलं सरकवलं नाही,
भोकासमोरच ठेवायला लागली.

विश्रामबागेजवळ बस थांबली तेव्हा
रेशन दुकानापुढची रांग चढली आत.
माणसांची नव्हे, डब्यांची.
डबे उन्हात, माणसं लिंबाखाली,
आणि आमच्या डब्यावर ओळखीसाठी
बाबांनी खिळ्यानं कोरलेलं आडनाव: मगदूम,
त्यातला 'द' उलटा.

खणभागात घरी पोचलो.
आई मालिका बघत होती. आवाज कमी न करता म्हणाली,
"हे कशाला आणलंस?"
आठवण म्हणून, म्हणालो.
"तुला आठवण येती. मला खोकला येतो."

मग जाहिराती लागल्या, तेव्हा बोलली.
पहाटे सूर्य उगवायच्या आत पाणी तापवायचं,
मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची,
आणि नेमका त्याच वेळी बर्नर तुंबायचा.
एकदा भडका उडाला, भुवई गेली अर्धी.
धाकट्या जावेच्या लग्नात
फोटोत तिनं काजळाची भुवई काढलीय,
नीट बघ म्हणाली. मी कधी बघितली नव्हती.

तिला प्रेम आहे ते मिक्सरवर.
अठ्ठ्याऐंशी साली हप्त्यानं घेतलेल्या,
दस्तगीरनं तीनदा वाइंडिंग करून दिलेल्या,
झाकणाऐवजी आता ताटली दाबून चालणाऱ्या.
पहिल्या दिवशी गल्लीतल्या सात जणी
शेंगदाणे घेऊन आल्या होत्या.
गेल्या पुरात आयर्विन पुलावरचा आकडा वाढत होता,
तेव्हा तिनं माळ्यावर आधी मिक्सर चढवला,
मग गव्हाचं पोतं,
मग बाबांचा फोटो.
जाळीचं कपाट मात्र खालीच राहिलं.
चार वाट्यांतल्या पाण्यावर ज्याची भिस्त होती
त्याला शेवटी किती पाणी मिळालं, बघ की.

जाहिराती संपत आल्या तशी
तिनं स्टोव्ह पायानंच जवळ ओढला.
अंगठा टाकीच्या कडेला, बोटं खाली,
दुसऱ्या हाताचा पंजा पंपावर.
एक, दोन, तीन.
कान तिरका.
चौथा पंप अर्ध्यातच सोडून दिला.
"वॉशर गेलाय. चामडं वाळलंय पार."
आणि परत मालिकेकडे वळली.

मी तो कपड्यांच्या कपाटावर ठेवला,
शोभेची वस्तू म्हणून बरा दिसत होता.

सकाळी चहाला उठलो तर ओट्यावर
स्टोव्ह पोट उघडं टाकून बसलेला,
आणि शेजारच्या वाटीत, शेंगतेलात,
नाण्याएवढा काळा वॉशर
हळूहळू फुगत होता.

मी बघतोय हे तिनं बघितलं.
"रॉकेल कुठं मिळतंय आता? पेटवायचा नाहीच," म्हणाली,
"पण कोरडा ठेवू नये."
गॅसची शेगडी बारीक केली, चहा गाळला,
गाळणी सिंकमध्ये आपटली दोनदा.

"आणि मिरजेला गेलास तर
पिन मिळती का बघ."