मार्गशीर्षातलं पुरुमेंत

दुपारी पंचायतीची रिक्षा भोंगा लावून गेली.
उद्या रात्री, म्हणाली, फार तर परवा पहाटे,
आणि पुढचं वाक्य वळणापलीकडे घेऊन गेली.

मे महिन्यात बरं असतं.
पुरुमेंत हातांना पाठ असतं:
उकडे तांदूळ, सुके बांगडे, आमसुलं, मिठातल्या कैऱ्या,
सरपण माळ्यावर, पडवीला झावळ्यांचा आडोसा.
पण हा डिसेंबर.
आडोसा तर दसऱ्यालाच सोडवून न्हाणीच्या चुलीत घातला.
वृंदावनात तुळशीच्या लग्नाचा ऊस अजून उभा, वाळका,
आणि केरीचा समुद्र असा निळा
की त्याच्यावर आळ घ्यायची लाज वाटावी.

उल्हास म्हणाला, मार्गशीर्षात कसलं वादळ?
समुद्राला मी जामीन राहतो.
मग होड्या वर ओढायला माणसं कमी पडतात म्हणून गेला.
परत आला तेव्हा खांद्यावर दोराचा वळ होता,
आणि न सांगता तो शिडी लावून
कौलांवर दगड ठेवायला चढला.

मी पाणी भरलं.
हंडा, घंगाळ, कुकर, मासळीचा थर्माकोलचा खोका,
लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली सुरई.
अजून भर, अजून भर, असं मी म्हणत राहिले
तेव्हा निमिषाने चिडून
एक चमचा भरून ओट्यावर ठेवला.
तो अजून तिथेच आहे. कोणी हलवलेला नाही.

कोंबड्या न्हाणीत. तांदूळ कपाटावर.
काल लावलेली तांबड्या भाजीची रोपं
कुठे ठेवणार, ती वाफ्यातच.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या,
आणि सासऱ्यांनी जपलेला पोर्तुगीज कागद,
जो आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही
म्हणून सगळ्यात आधी ठेवला.

संध्याकाळी इनासिन आली, हातात नाताळचा तारा.
बांबूच्या काड्या, जिलेटीनचा कागद, आत बल्ब.
बाहेर राहिला तर उरणार नाही, म्हणाली.
तिचा मुलगा क्रूझवर, कुठल्याशा शांत समुद्रात.
तुझंही काही ठेव डब्यात, मी म्हटलं.
तिने मुलाचा फोटो काढला, बँकेचं पुस्तक,
थोडा विचार केला,
आणि रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी ठेवली.
मग जेवताना आठवण झाली म्हणून परत काढून घेतली.

आमच्या दोघींच्या मध्ये एक माड आहे.
मुळं त्यांच्या बाजूला, कल आमच्या बाजूला.
झावळ्या तिच्या आवारात, नारळ आमच्या,
यावरून अकरा वर्षं आम्ही एकमेकींकडे
फक्त गाऱ्हाणं करायला गेलो.
आज पाडेली गुणाजीला तिनेच बोलावलं.
त्याला अजून तेवीस घरं होती.
काळोखात तो वर गेला, पायांत फास, कमरेला काती,
आणि वरून ओरडला, कोवळे पण?
सगळे, आम्ही दोघी म्हणालो,
वाऱ्याला तोफगोळे कशाला द्यायचे.

त्रेचाळीस शहाळी.
किती पिणार माणूस?
गुणाजी दोन प्यायला, पैसे घ्यायला उद्या येतो म्हणाला,
मग उद्या कसला दिवस आहे हे आठवून
आत्ताच द्या म्हणाला.
आम्ही प्यायलो, निमिषा प्यायली, कुत्रा प्यायला.
उल्हास पाठ भिंतीला टेकून पीत होता,
डोळे दाराच्या फटीकडे,
जिथून आज वारा नव्हताच.
पान हलत नव्हतं.
त्याचीच भीती वाटत होती.

साडेनऊला वीज गेली.
स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला तारा
विझण्याआधी एकदा लाल झाला.
इनासिनने मेणबत्ती शोधली नाही.
काळोखात ती म्हणाली,
माडाच्या झावळ्या ह्या खेपेला तू ने,
आडोशाला लागतील.
मी म्हटलं, बघू,
आणि उठून कडी चाचपली.
लागलेली होती. पुन्हा चाचपली.