बाटली क्रमांक ४१७

रात्री अडीचला यंत्र वाजलं.
सदतीस अंशांत झुलणाऱ्या चाळीस बाटल्यांपैकी
एकीनं दिवा लावला.
हिराजी पदू कोळी, वय एकसष्ट, दिवाळे गाव, बेलापूर.
तक्रार: ताप, बारा दिवस.
बाकी रकाने कोरे.

काचपट्टीवर थेंब पसरला,
रंगवला, धुतला, भिंगाखाली धरला.
जांभळे मणी, माळेत,
घाईत तुटलेल्या पोतीसारखे.

दुसऱ्या दिवशी मेंढीच्या रक्ताच्या थाळीवर
राखाडी ठिपके उगवले, खसखशीहून बारीक.
नाव सापडलं. लांबलचक, मध्ये कधीतरी बदललेलं.
जुन्या वहीत ते गाईगुरांच्या नावानं आहे
आणि तुंगारे मॅडम अजून तेच म्हणतात.

हा राहणारा आतड्यातला.
तिथं त्याचं बिऱ्हाड, शेजारपाजार,
कुणाला त्रास नाही.
रक्तात त्याचं काय काम?
कुठेतरी कुंपण फाटलंय.

मॅडमनी वॉर्डात फोन लावला.
"हृदयाच्या झडपा बघा. आणि आतडं.
हो, पूर्ण.
पोट दुखत नाही म्हणून काय झालं?"
पलीकडून काहीतरी.
"ताप उतरेल हो. तापाचं नाही विचारत मी."

ताप उतरलाच.
"मना सोरा," हिराजी म्हणाले म्हणे,
"होरीचं इंजिन उघरून ठेवलंय.
ताप गेला ना, मंग नली कशाला?"
दोनदा कागद परत केला.

तिसऱ्यांदा सिस्टर धनवंतीनं विचारलं,
खाडीच्या तोंडाशी डिझेलचा तवंग दिसला
तर काय करता, काका?
"वर जाऊन बघतू, कोनाची टाकी गलते."
मग बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले.
अंगठ्यासाठी शाई आणली तेव्हा चिडले.
पेन मागितलं.

उजव्या बाजूला, वळणाआड, सुपारीएवढी गाठ.
पॅथॉलॉजीच्या पाटकरनं जिन्यात सांगितलं,
हातात जेवणाचा डबा.
अजून भिंतीतच असावी, म्हणाला. असावी.
माझ्या मनात पेढे आले.
कर्करोगाच्या बातमीवर पेढे.
हे घरी कुणाला सांगायचं?

बाबांचा ताप कळव्यात, शहाण्णव साली.
तोही असाच, येऊन-जाऊन.
गोळ्यांनी उतरला, म्हणून सगळे निजले.
त्यांचं रक्त कुणी वाढायला ठेवलं नव्हतं.
ठेवलं असतं तर काय उगवलं असतं, माहीत नाही.
कदाचित काहीच नाही.
तरी प्रत्येक थाळी मी दोनदा उजेडात धरते.

बाटली ४१७ वाफेच्या भांड्यात गेली.

रविवारी दिवाळ्याच्या जेट्टीवर गेले.
तीन होड्यांची इंजिनं उघडी पडलेली.
कुणाची, ते विचारलं नाही;
मला त्यांचं रक्त ओळखता येईल, चेहरा नाही.
मांदेली घेतली, पाव किलो.
बाईनं वर मूठभर जास्त टाकली.
सगळ्यांनाच टाकते.